शेजाऱ्याचा हक्क

घर विकायचे ठरले तेव्हा दलालाने आमच्यासाठी एक जाहिरात तयार केली आणि मोठ्याने वाचून दाखवली. पुण्याच्या ऐतिहासिक कसबा पेठेत डुप्लेक्स फ्लॅट विकणे आहे. तिसरा आणि चौथा मजला, आतून जिना, अकराशे पन्नास चौरस फूट, कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर, मेट्रो जवळ. ऐकून आम्ही विचारले, "शेख साल्ल्याचा दर्गा तर या सगळ्यांहून जवळ आहे. तो का नाही लिहिला?"

दलाल हसला. "भाईजान, तो लिहून गिऱ्हाईक कशाला कमी करायचं?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "आणि लोक घर बघायला येतील तेव्हा दारावरची पाटी तेवढी काढून ठेवा. सौदा झाल्यावर कागदावर नाव येणारच आहे. आधी कशाला?"

दलाल आमच्यातलाच होता. त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, व्यवहार होता. पाऊस येईल म्हणून छत्री घ्या, असे सांगावे तितक्या सहजपणे त्याने ते सांगितले. आम्ही पाटी काढली नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला. घर विकताना माणूस नेमके काय विकतो? आणि ते कोणाला विकायचे हे ठरवण्याचा हक्क नेमका कोणाचा? ज्याच्या नावावर घर आहे त्याचा, जो जास्त पैसे देतो त्याचा, जातभाईंचा, की जो भिंतीपलीकडे राहतो त्याचा?

प्रश्न आमच्या घरापुरता आहे, असे आधी वाटले होते. पुढे लक्षात आले की तसे नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे लोक राहत होते. शिवाजी महाराजांचे बालपण याच परिसरात गेले. इथल्या आळ्यांची नावे वाचली की कोण कोणाच्या शेजारी राहत होते ते कळते. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा आणि कागदीपुरा. कागदीपुऱ्यात मुसलमान कागदी जुन्या तरटांचा लगदा करून हाताने कागद बनवीत. नदीच्या अंगाला थोरला आणि धाकटा असे शेख साल्ल्याचे दोन दर्गे आहेत. भांडी ठोकणारा, टोपल्या विणणारा, मडकी घडवणारा आणि कागद बनवणारा अशी ही माणसे दोन-चार गल्ल्यांच्या आत राहत होती. त्यांचे एकमेकांवर फार प्रेम होते, असा दावा आम्ही करणार नाही. पण त्यांना एकमेकांवाचून चालत नव्हते, एवढे नक्की.

आमचे आजोबा अशाच एका वाड्यात भाड्याने राहायला आले. वाड्याला एक दिंडी दरवाजा, एक चौक, चौकात एक आड. वरच्या चार खोल्या आमच्याकडे, खालच्या तीन काकांच्या वडिलांकडे. काका म्हणजे आमच्या अब्बांचे बालमित्र. त्यांचे वडील तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालीत. आमची दादी म्हणायची, पहाटेची अजान आणि तांबटांचे ठोके यांच्यात आधी कोण, यावर तिचा चहा ठरायचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि नदी पेठेत शिरली, तेव्हा खालचे सगळे कुटुंब आमच्या वरच्या खोल्यांत आले. पाणी ओसरल्यावर खालच्या मातीच्या भिंती बसल्या. ते लोक आमच्याकडे तीन महिने राहिले. एकाच चुलीवर दोन तवे होते, एवढीच काय ती वेगळी व्यवस्था. हे सगळे आम्ही अब्बांकडून ऐकलेले आहे.

१९९४ मध्ये मालकांनी वाडा बिल्डरला दिला. दोन्ही भाडेकरूंना जागा मिळाली. अब्बांनी फंडाचे पैसे घातले आणि वरचे दोन मजले आतून जिना असलेले घेतले. तेच हे डुप्लेक्स. काका दुसऱ्या मजल्यावर आले. आड बुजवला गेला, त्यावर आता दुचाक्या उभ्या असतात. इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदली गेली. परदेशात ज्याला कॉन्डो म्हणतात त्याच जातीची ही मालकी आहे. या कायद्यात एक गंमत आहे. फ्लॅट तुमचा एकट्याचा, पण जमीन, जिना, पाया आणि गच्ची यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा असतो. तो वेगळा काढता येत नाही, वेगळा विकता येत नाही आणि त्याची वाटणीही मागता येत नाही. फ्लॅट विकला की तो आपोआप त्याच्याबरोबर जातो. म्हणजे घर विकणारा माणूस, इच्छा असो वा नसो, शेजाऱ्यांबरोबरच्या भागीदारीतली आपली जागा दुसऱ्याला देत असतो.

२००३ मध्ये आम्ही दोघे भाऊ संसार घेऊन कोंढव्याला गेलो. पहिल्यांदा शहराच्या दुसऱ्या भागात घर शोधले होते. फोनवर बोलणे छान व्हायचे. नाव सांगितले की मालकाचा विचार बदललेला असायचा. कोणी उर्मटपणे बोलले नाही. "तुम्ही चांगले लोक आहात हो, पण बाकीच्यांची हरकत असते", हे वाक्य आम्ही चार वेगवेगळ्या तोंडून ऐकले. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळण्यातल्या अडचणींची नोंद केली, तेव्हा आम्हाला त्यात नवे काही वाटले नाही. अम्मी मात्र कसब्यातच राहिली. अब्बा गेल्यावरही. काकू रोज सकाळी जिना चढून तिचे दार वाजवायच्या. अम्मीने २०२२ मध्ये डोळे मिटले तेव्हा पहिला फोन काकूंचाच आला.

घर रिकामे झाले. आम्ही तीन भावंडे, दोन भाऊ आणि एक बहीण. बहिणीचे यजमान हयात नाहीत, मुलगी शिकते आहे. त्यामुळे विकणे भागच होते. २०२४ मध्ये कसबा पेठेचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले आणि भाव वर सरकले. दलालाने एक गिऱ्हाईक आणले. एक कोटी दहा लाख रुपये, एकरकमी. त्यांना घर राहण्यासाठी नको होते. खाली ऑफिस, वर मालाचे गोदाम करणार होते.

ही बातमी जिन्यावरून खाली गेली असावी. त्याच संध्याकाळी काका वर आले. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात, तरी चढून आले. म्हणाले, "दोन मुलं, दोन सुना, चार नातवंडं, सगळे त्या तीन खोल्यांत आहोत. हे घर आम्हाला द्या. पंच्याण्णव लाखांपर्यंत जाऊ शकतो. साठ आता, बाकीचे दोन वर्षांत." पाणीसुद्धा न पिता एवढे बोलून ते खुर्चीत बसले.

तिसरी बाजू आमच्या मामूंनी मांडली. ते म्हणाले, "पैशाचं सोडो. उस गल्ली में अपना आखरी घर है वो. अपने लोगां में रहने दो." मामूंचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. वस्तीतून एकेक घर कमी होते आणि मग एक दिवस त्या वस्तीत आपण कधी होतो हे सांगायलाही कोणी उरत नाही. ज्या जाहिरातीतून दर्गा वगळला जातो, तिच्यातून पुढे माणसेही वगळली जातात. ही भीती खरी आहे. आम्ही मामूंना म्हटले, "तुम्ही गिऱ्हाईक आणा, आम्ही दोन महिने थांबतो." दोन महिन्यांत तीन कुटुंबे येऊन गेली. एकाला पार्किंग नव्हते म्हणून, दुसऱ्याला लिफ्ट नव्हती म्हणून, तिसऱ्याला मुलांची शाळा लांब म्हणून नको होते. मोहल्ला राखावा असे सर्वांना वाटत होते, पण त्यासाठी तिथे राहायला जायला कोणी तयार नव्हते. दोष तरी त्यांना कसा द्यावा? २००३ मध्ये आम्हीच नाही का निघून गेलो?

तेव्हा उरले दोघे. एक कोटी दहा लाखांचे गोदाम आणि पंच्याण्णव लाखांचे काका.

इथे आम्हाला आमच्या जुन्या फिक्हमधला एक शब्द आठवला, शुफ्आ. घर किंवा जमीन विकली जात असेल तर ती त्याच किमतीला घेण्याचा पहिला हक्क ठरावीक लोकांना असतो, असा हा नियम. हनफी पंथात असे तीन हक्कदार सांगितले आहेत. पहिला शरीक, म्हणजे मालमत्तेतला भागीदार. दुसरा खलीत, म्हणजे ज्याची वाट किंवा पाणी सामाईक आहे तो. तिसरा जार, म्हणजे लगतचा शेजारी. शाफई पंथ हा हक्क भागीदारापुरताच मानतो, नुसत्या शेजाऱ्याला देत नाही. म्हणजे याबाबत आमच्या कोकणी मित्रांचे मत आमच्यापेक्षा वेगळे असू शकते. हा हक्क बजावण्याची रीतही कडक आहे. विक्रीची बातमी कळताच हक्कदाराने तत्काळ आपली मागणी बोलून दाखवायची, मग साक्षीदारांसमोर ती पुन्हा करायची. दिरंगाई झाली की हक्क गेला. गुडघे दुखत असताना काका त्याच संध्याकाळी वर आले, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. पण आड एक, दिंडी दरवाजा एक, आता जिना एक, आणि कायद्याने जमिनीतला हिस्सा अविभक्त. शब्दांचा कीस न काढता पाहिले तर काका तिन्ही व्याख्यांच्या आसपास बसत होते.

"पण काका मुसलमान कुठे आहेत?" मामूंनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आमच्याच ग्रंथांत आहे. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात शुफ्आच्या बाबतीत मुसलमान आणि बिगरमुसलमान प्रजाजन बरोबरीचे धरले आहेत. कारण हा हक्क श्रद्धेतून निघत नाही, लगत राहण्यातून निघतो. शेजाऱ्याच्या त्रासातून आणि शेजाऱ्याच्या सोबतीतून तो निघतो. भिंतीला ओल आली तर ती दोन्ही बाजूंना येते.

बुखारींच्या हदीस संग्रहात एक हकीकत येते. पैगंबरांचे मुक्त केलेले सेवक अबू राफे यांच्या दोन खोल्या साद बिन अबी वक्कास यांच्या आवारात होत्या. त्यांनी त्या साद यांनाच देऊ केल्या. साद चार हजारांवर जायला तयार नव्हते, तेही हप्त्यांनी. अबू राफे यांना बाहेरून पाचशे दीनार रोख मिळत होते. एका दीनारचे दहा दिरहम धरले तर ते पाच हजार होतात. तरी त्यांनी खोल्या साद यांनाच दिल्या. कारण शेजाऱ्याचा हक्क जवळिकीमुळे अधिक असतो, असे त्यांनी पैगंबरांकडून ऐकले होते. दोन खोल्या, कमी किंमत, हप्ते आणि बाहेरचा रोकडा भाव. हे वाचताना आम्हाला आमचाच सौदा कोणीतरी आधी लिहून ठेवला आहे असे वाटले.

गोष्ट इथे संपवता आली असती तर हा लेख सोपा झाला असता. पण शुफ्आला दुसरी बाजू आहे आणि ती आम्हाला टाळायची नाही.

हिंदुस्थानातल्या न्यायालयांत हा हक्क बराच काळ चालला. १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी गोबिंद दयाळ विरुद्ध इनायतुल्ला या खटल्यात त्यावर विस्तृत निकाल लिहिला. विकणारा आणि शेजारहक्क सांगणारा मुसलमान, घेणारा हिंदू, अशी ती बाब होती आणि हक्क मान्य झाला. पण स्वतंत्र भारतात, १९६२ मध्ये, भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ लगतपणावर आधारलेला हा हक्क राज्यघटनेशी विसंगत ठरवला. मालमत्ता विकण्या-घेण्याच्या स्वातंत्र्यावर तो गैरवाजवी बंधन घालतो, हे एक कारण. दुसरे कारण आम्हाला अधिक बोचणारे आहे. अशा हक्काचा खरा उपयोग परक्याला, वेगळ्या धर्माच्या, वंशाच्या, जातीच्या माणसाला वस्तीबाहेर ठेवण्यासाठी होतो, असे न्यायालयाला दिसले.

हे वाचले आणि आम्ही गप्प झालो. कारण २००३ मध्ये फोनवर ऐकलेले वाक्य हेच तर होते. 'बाकीच्यांची हरकत असते.' बाकीचे म्हणजे शेजारी. शेजाऱ्याला कोण शेजारी हवा हे ठरवण्याचा हक्क आहे, असे आम्ही आज काकांसाठी म्हणायचे, आणि तोच हक्क दुसऱ्यांनी आमच्याविरुद्ध वापरला तर मात्र त्याला अन्याय म्हणायचे? हे कसे चालेल? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. गुजरातेत १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली काही वस्त्यांत घर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विकणाऱ्यावर जबरदस्ती होऊ नये हा त्याचा सांगितलेला हेतू, पण हिंदूने मुसलमानाला किंवा मुसलमानाने हिंदूला घर विकणे त्यामुळे अवघड होते. अमेरिकेत काळ्या लोकांना घर विकायचे नाही असे करार खरेदीखतांत लिहिलेले असत. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालये असे करार अमलात आणणार नाहीत असे सांगितले, आणि घरखरेदीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा यायला १९६८ उजाडले. या सगळ्या ठिकाणी कोणी ना कोणी शेजाराच्याच नावाने बोलत होते.

मग मामूंचे 'अपने लोगां' आणि त्या फोनवरचे 'बाकीचे' यांत फरक काय? आम्ही बराच विचार केला. मामूंची भीती दुबळ्याची आहे आणि फोनवरच्यांची हरकत सबळाची आहे, हा फरक आहे. तो लहान नाही. पण दोन्हींचा आकार एकच आहे, हेही नाकारता येत नाही. दार आतून लावले काय आणि बाहेरून लावले काय, ते बंदच असते.

शेवटी आम्हाला एक खूण सापडली. शुफ्आचा हक्क सांगणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. बाहेरचा जी किंमत देणार तीच किंमत, तशीच. 'हा माणूस मला नको' एवढे म्हणून तो मोकळा होत नाही. घर स्वतः घ्यावे लागते, आणि विकणाऱ्याचे एका पैचेही नुकसान होता कामा नये. सोसायटीच्या बैठकीत जी हरकत घेतली जाते तिला एक रुपया पडत नाही. हरकत घेणारा आपले घर राखतो, विकणाऱ्याचे गिऱ्हाईक पळवतो आणि घेणाऱ्याचा निवारा काढून घेतो. किंमत तिघांपैकी दोघे देतात, तो सोडून. आम्हाला वाटते, शेजाऱ्याचा हक्क आणि शेजाऱ्याचा नकार यांतली रेघ इथे आहे. ज्या हक्काबरोबर हक्कदाराच्या खिशाला झळ बसते त्याला हक्क म्हणता येईल. जो दुसऱ्याच्या खर्चाने बजावला जातो तो नुसता अडवणुकीचा अधिकार.

ही रेघ पक्की आहे का? पूर्णपणे नाही. श्रीमंत शेजारी पैसे मोजूनही परक्याला बाहेर ठेवू शकतात. म्हणून न्यायालयाने तो कायदा रद्द केला याचे आम्हाला दुःख नाही, तो परत यावा असेही आमचे म्हणणे नाही. आणि समजा, ते दुसरे गिऱ्हाईक गोदामवाले नसते. आमच्यासारखीच चार दारे फिरून आलेले एखादे कुटुंब असते, तर? तर काकांच्या अडचणीपेक्षा त्या कुटुंबाची निकड आम्ही मोठी धरली असती असे वाटते. वाटते एवढेच म्हणतो. तसा प्रसंग आला नाही, आणि न आलेल्या प्रसंगात सगळेच धीट असतात.

कायदा गेला की जबाबदारी जात नाही, ती विकणाऱ्याच्या मनावर येते. कुरआनच्या चौथ्या सूरेत ज्यांच्याशी चांगले वागायचे त्यांची यादी येते, तीत नात्यातला शेजारी, परका शेजारी आणि बाजूला असलेला सोबती असे तिघे वेगवेगळे सांगितले आहेत. परका शेजारी वेगळा सांगावा लागला, कारण तोच विसरला जातो.

आता पैशाचा हिशेब. शुफ्आप्रमाणे काकांनी एक कोटी दहा लाखच द्यायला हवे होते. पंधरा लाख कमी घेणे हा त्यांचा हक्क नव्हता, ती आमची मर्जी होती. अबू राफे यांनी जे सोडले ते स्वतःचे सोडले. आमचे घर तिघांचे होते. वारसाहक्काने भावांचे दोन-दोन आणि बहिणीचा एक असे पाच भाग. एक कोटी दहा लाखांत तिचे बावीस होतात, पंच्याण्णवमध्ये एकोणीस. तीन लाख म्हणजे तिच्या मुलीच्या शिक्षणाचे एक वर्ष. बहीण म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते मला कबूल आहे." हे वाक्य आपल्या घरांतल्या बहिणी फार लवकर बोलतात आणि आपणही ते फार लवकर ऐकून घेतो. दुसऱ्याच्या हिश्श्यातून केलेले औदार्य हे औदार्य नसते. म्हणून आम्ही भावांनी ठरवले की बहिणीला बावीसच द्यायचे, तेही पहिल्या साठातून, एकरकमी. उरले त्र्याहत्तर, प्रत्येकी साडेछत्तीस. चव्वेचाळीसच्या जागी साडेछत्तीस, आणि त्यातलेही बरेच दोन वर्षांनी. आकडे लिहिण्याचे कारण असे की नैतिकतेवर बोलणारी माणसे आकडे सांगत नाहीत, आणि मग कोणी काय सोडले ते कळत नाही.

पण अजून एक गोष्ट उरली होती. पैशाहून जड.

२०१४ मध्ये अम्मीने वरचा मजला भाड्याने द्यायचे ठरवले होते. बीडकडच्या दोन मुली, नर्सिंगला शिकणाऱ्या, आमच्याच समाजातल्या. अम्मीलाही सोबत झाली असती. इमारतीच्या बैठकीत विषय निघाला. आधी कोणी म्हणाले, कुटुंबालाच द्या. मग कोणी म्हणाले, मुली चालतील पण 'तशा' नकोत. एकाने तर म्हटले, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही आमचेच आहात. ठराव लिहिला गेला नाही. नुसत्या माना हलल्या. काका त्या बैठकीत होते आणि ते काही बोलले नाहीत. अम्मी घरी आली, तिने त्या मुलींना फोन करून नाही म्हणून सांगितले, आणि पुढची आठ वर्षे तो मजला तसाच रिकामा राहिला. अम्मीने काकांना त्याबद्दल कधी विचारले नाही. काकूंचे दार वाजवणे सुरूच राहिले.

आमच्यातला धाकटा म्हणाला, "ज्याने शेजारधर्म पाळला नाही, त्याला शेजारहक्क कसला?" थोरल्याला ते पटत नव्हते, पण उत्तरही सुचत नव्हते. शेवटी आम्ही दोघे काकांकडे गेलो आणि धाकट्याने सरळ विचारले, "काका, त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात?"

काकांनी कोणता दिवस असे विचारले नाही. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "बसलो खरा. मुलगा म्हणाला होता, आपण मधे पडू नका, आपल्याला याच लोकांत राहायचंय. मी पडलो नाही." आणि पुढे, "त्या रात्री मला जेवण गेलं नाही असं काही मी म्हणणार नाही. जेवलो. पण तुझ्या अम्मीनं दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं बोलावलं, तेव्हा वर जायला पाय उचलेना."

माफी त्यांनी मागितली नाही. आम्ही मागायला लावलीही नाही.

त्या रात्री आम्ही पुन्हा बोललो. जुन्या ग्रंथांत हक्कदाराच्या अटी आहेत. लगत असणे, वेळेवर मागणे, किंमत देणे. चांगला शेजारी असणे ही अट त्यात नाही. आधी आम्हाला ती उणीव वाटली. नंतर वाटले, नसावी हेच बरे. हक्क जर चांगुलपणाचे बक्षीस म्हणून द्यायचा असेल, तर चांगले कोण हे ठरवणारा कोणीतरी लागतो. आणि २००३ मध्ये फोनवर बोलणारे लोक तेच तर ठरवत होते. आम्ही चांगले आहोत असे म्हणत होते आणि तरी नाकारत होते. आम्हाला आमचा निवारा चांगुलपणाच्या दाखल्यावर नको होता. मग काकांकडून तो दाखला कसा मागायचा?

घर काकांना दिले. खरेदीखत झाले. सह्या करताना काकांच्या धाकट्या मुलाचा, ज्याने वडिलांना गप्प बसायला सांगितले होते त्याचा, हात आमच्यापेक्षा जास्त थरथरत होता असे आम्हाला वाटले. कदाचित कर्जाच्या धास्तीने असेल.

पुढच्या बैठकीत, मालक म्हणून बोलण्याचा आमचा हक्क संपला होता, पण काकांनी आम्हाला बसायला बोलावले. विषय संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, भाडेकरू कोणत्या धर्माचा हे इथे बघायचे नाही, असे लिहून घ्या. आणि आधीचा नियम खोडा. चिटणीस म्हणाले, "काका, तसा नियम आहेच कुठे वहीत?" वही उघडून दाखवली. खरेच नव्हता. जो लिहिलेलाच नाही तो खोडायचा कसा? काका म्हणाले, "मग नवीन लिहा." दोघांनी हात वर केले. बाकीचे पुढच्या वेळी बघू म्हणाले.

ते पुढची वेळ कधी येईल हे आम्हाला माहीत नाही. काका मात्र आता वरच्या मजल्यावर नातवंडांना झोपवतात. दारावरची आमची पाटी आम्ही स्वतः उतरवली. तिच्यामागे भिंतीचा रंग जुनाच होता, तेवढाच एक चौकोन. काका म्हणाले, "राहू दे, लगेच रंगवत नाही."